कसरीनं खाल्लेली जागा

“ताई, मी बडोद्यात इतिहासात एम.ए. करतेय. मोडी लिपी शिकायला तुमच्या रविवारच्या वर्गाला यायचं मनात होतं. पण गेल्या आठवड्यात घरातला एक जुना कागद मोबाईलवर एआयला दाखवला, तर त्यानं अर्ध्या मिनिटात वाचून दाखवला, वर गुजराती आणि इंग्रजी भाषांतरही करून दिलं. बाबा म्हणतात, जे यंत्र फुकट करतंय त्यासाठी दोन वर्षं कशाला घालवतेस? खरंच शिकू का?”

शीक. उत्तर एवढंच आहे. पण तुझ्या बाबांची काळजी खोटी नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी तीसेक वर्षं मोडी वाचते आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी लोक गायकवाडीतले कागद घेऊन येतात. कुणाचं इनाम, कुणाचं वर्षासन, कुणाच्या वाड्याची वाटणी. कोर्टात लागणारी लिप्यंतरं, म्हणजे मोडीतला मजकूर जसाच्या तसा देवनागरीत, करून देते, संशोधन करणाऱ्यांना वाचून देते, आणि रविवारी सात-आठ मुलांना शिकवते. एआय मी गेली दोन वर्षं रोज वापरते, त्यामुळे त्याचं चांगलं-वाईट मी माझ्या टेबलावर पाहिलेलं आहे.

तू कागदाचा फोटो आणि यंत्राचं वाचन दोन्ही पाठवलंस, हे फार बरं केलंस. काल दुपारी दोन्ही शेजारी ठेवून बसले. तुझ्या घराचं आणि गावाचं नाव न घेता त्यातलं थोडं इथे मांडते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदातच आहे.

कागद देवाच्या पूजा-नैवेद्याच्या जमिनीचा आहे. पहिल्या ओळीत सन आहे: ‘सु॥ इहिदे समानीन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, समानीन ऐंशी, मया शंभर आणि अलफ हजार. म्हणजे सुहूर सन, जुन्या मराठी कागदांत चालणारी अरबी आकड्यांची वर्षगणना, ११८१. त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. हे वर्ष मे १७८० ते मे १७८१ असं पडतं. फत्तेसिंगराव गायकवाडांचा काळ. यंत्रानं हे सगळं बिनचूक काढलं. अरबी आकडे पाठ करून सनावळी जमवायला मला शिकताना चार महिने लागले होते. तेव्हा इथे त्याला पैकीच्या पैकी गुण.

चौथ्या ओळीत जमीन येते. कागदात आहे ‘जमीन विघे ५॥’. यंत्रानं लिहिलं, ५११ विघे.

आपल्या जुन्या हिशेबात आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ५॥ म्हणजे साडेपाच. यंत्राला त्या दोन रेघा दोन एकडे दिसल्या. आणि पहिल्याच ओळीतल्या ‘सु॥’मध्ये ह्याच दोन रेघा संक्षेपाची खूण म्हणून आल्या आहेत, तिथे अर्ध्याचा काही संबंध नाही. ‘क॥’ म्हणजे कसबे, ‘प॥’ म्हणजे परगणे, तसंच हे. कुठली रेघ आकड्याची आणि कुठली अक्षराची, हे ती ओळीत कुठे बसली आहे त्यावरून कळतं. पण त्याही आधी एक प्रश्न पडायला हवा होता: एका गावातल्या लहानशा देवळाच्या नैवेद्याला कुणी पाचशे अकरा विघे लावून देईल का? कागद वाचणाऱ्या माणसाला आधी हा प्रश्न पडतो, मग तो भिंग उचलतो.

त्याच्या खालच्या ओळीत ‘नेमणूक सालीना रुपये ६०’ असं आहे. यंत्रानं इंग्रजीत त्याचं अपॉइंटमेंट केलं, म्हणजे साठ रुपये पगारावर कुणाला तरी नोकरी लागली. आजच्या मराठीत नेमणूक म्हणजे तेच. गायकवाडी कागदात मात्र नेमणूक म्हणजे दरसाल ठरवून दिलेली रक्कम. त्याच प्रकारे ‘खानगी’ हा शब्द आला की यंत्र त्याचं ‘प्रायव्हेट’ करतं. बडोद्यात खानगी म्हणजे राजवाड्याचं खातं, त्यावर खानगी कारभारी असायचा, हे इथल्या जुन्या घरांत आजही ठाऊक आहे. ह्या चुका मात्र सुधारतील. कुणीतरी शब्दार्थांची यादी यंत्राला दिली की पुढच्या वेळी ते नीट लिहील. मी स्वतः तशी तीनेकशे शब्दांची यादी करून ठेवली आहे आणि काम सुरू करण्याआधी ती यंत्रापुढे टाकते.

मला खरी भीती वाटली ती सातव्या ओळीत.

पुजाऱ्याच्या मागे वहिवाट कुणी करायची, ते त्या ओळीत सांगितलेलं आहे. कागदाला तिथे कसर लागली आहे, चिंचोक्याएवढं भोक आहे. भोकाच्या अलीकडे ‘यांचे’ स्पष्ट दिसतं, पलीकडे ‘पुत्र’ दिसतं. मधे काही नाही. वरची शिरोरेघसुद्धा तुटली आहे. यंत्रानं लिहिलं, ‘यांचे औरस पुत्र’.

भोकाचा उल्लेख कुठेही नाही. ‘इथे वाचता आलं नाही’ अशी खूण नाही. औरस हा शब्द किती छान बसलाय बघ, व्याकरणाला धरून, काळाला धरून, कुणालाही खटकणार नाही असा. पण तिथे दत्तक पुत्र असेल. बंधुपुत्र असेल. कन्यापुत्र असेल. ज्येष्ठ असेल. त्या एका शब्दावर दोन घरांतली वीस वर्षांची भांडणं उभी राहतात, मी ती डोळ्यांनी पाहिली आहेत. मी माझ्या लिप्यंतरात लिहिलं: ‘यांचे … [कागदास भोक, सुमारे तीन अक्षरे गेली] पुत्र’. आमच्या धंद्यात ह्याला पर्याय नाही. जुने कारकून नकलेखाली ‘असल बरहुकूम नक्कल’ असा शेरा मारून सही करायचे. असलात जे आहे ते नकलेत, आणि असलात जे नाही ते नकलेतही नाही. कसरीनं खाल्लेली जागा रिकामी ठेवायची.

यंत्र असं का करतं, हे तू नीट समजून घे, कारण पुढे तुझ्या सगळ्या अभ्यासात हे कामाला येईल. ही यंत्रं अफाट मजकूर वाचून तयार झाली आहेत आणि लिहिताना ती दर पावलाला एकच गोष्ट ठरवतात: इथवर जे आलं आहे त्यापुढे काय येण्याचा संभव जास्त. फोटो स्वच्छ असला, लिपी ओळखीची असली, की अक्षराचा पुरावा भारी पडतो आणि वाचन बरोबर येतं. अक्षर अंधूक झालं की संभव पुढे सरकतो. भोकाच्या जागी तर पुरावाच शून्य, तिथे सगळा कारभार संभवाचा. यंत्र खोटं बोलत नाही, त्याला खोटं बोलायचं नसतं. रिकामी जागा सहन करायची सवय त्याला मुळातून लावलेली नाही, एवढंच. आग्रहानं सांगितलं तर थोडं ऐकतं. मी दर वेळी लिहिते की जिथे खात्री नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक, अंदाज करू नकोस. मग काही जागी प्रश्नचिन्हं येतात, पण नेमकी चुकलेल्या जागीच येतील असं होत नाही. पुष्कळदा बरोबर वाचलेल्या शब्दावर प्रश्नचिन्ह असतं आणि चुकीचा शब्द ताठ मानेनं उभा असतो.

त्यात मोडीची गाठ वेगळीच आहे. ऱ्हस्व-दीर्घ पाळायचं नाही, शब्दांमधे जागा सोडायची नाही, बोरू उचलायचा नाही. आधी पानभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्यानं अर्थावरून ठरवायचं. ही लिपी युनिकोडमध्ये आली २०१४ साली, आवृत्ती ७.० मध्ये. म्हणजे तोवर संगणकावर मोडी अक्षर साठवायला अधिकृत जागाच नव्हती. कागद मात्र पुण्यात, मुंबईत, तंजावरात, बडोद्यात रुमालांत बांधून पडले आहेत. यंत्र शिकलं ते इंटरनेटवरच्या मजकुरावर, आणि रुमालातलं फारसं काही तिथे नव्हतं.

आता एक जरा आडवळणाची गोष्ट सांगते, पण ती इथल्याच मातीतली आहे. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरानं वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली. १९६० ते १९७५ अशी पंधरा वर्षं, सात खंड. देशभरातल्या हस्तलिखितांतले पाठ शेजारी शेजारी मांडून मूळ पाठ कुठला असावा ते ठरवायचं, असं ते काम. पाठचिकित्सेत एक जुना नियम आहे. दोन हस्तलिखितांत दोन वेगळे शब्द असतील, एक सोपा, ओळखीचा आणि दुसरा अवघड, अनोळखी, तर अवघड पाठ मूळचा असण्याची शक्यता जास्त. कारण नक्कल करणारा माणूस न कळलेल्या शब्दाच्या जागी कळलेला शब्द घालतो, उलट सहसा कुणी करत नाही.

हा नियम मी पंचवीस वर्षं शिकवते आहे, पण त्याचा पूर्ण अर्थ मला एआय वापरायला लागल्यावर कळला. एआय हा जगातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात वेगवान नकलनवीस आहे, आणि त्याचा कल कायम सोप्या पाठाकडे आहे. अवघड, एकदाच आलेला, त्या एका परगण्यापुरता, त्या एका घराण्यापुरता असलेला शब्द त्याच्या हातून गुळगुळीत होतो. ‘ध’चा ‘मा’ झाला म्हणतो आपण. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ च्या खुनाशी जोडलेल्या त्या कहाणीत निदान अक्षर बदलणारं कुणीतरी होतं, हेतू होता, म्हणून शोधही घेता आला. इथे हेतू नाही, खाडाखोड नाही, शाईचा रंग बदललेला नाही. वाचणाऱ्याला अवघड पाठ ओळखता येत नसेल तर तो गेला हे कुणाला कळणारसुद्धा नाही.

म्हणून शीक म्हणते. यंत्र वाचतं हे खरं आहे. त्यानं वाचलेलं बरोबर आहे का, हे मोडी येणाऱ्यालाच सांगता येतं.

आता शिकण्याबद्दल. दीड-दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक गोष्ट घडली. मी घरी करायला दिलेली लिप्यंतरं अचानक फार चांगली यायला लागली. एका हुशार मुलानं तीन आठवडे सुंदर काम आणलं. चौथ्या आठवड्यात मी त्याला नवा कागद हातात दिला आणि म्हटलं, पहिली ओळ वाच. तो बसून राहिला. ‘श्री’च्या पुढे त्याला सरकता येईना. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. तो लबाड नव्हता गं. त्याला खरंच वाटत होतं की तो शिकतोय, कारण तो रोज दोन तास कागद आणि उत्तर शेजारी ठेवून बघायचा, आणि उत्तर समोर असलं की अक्षर ओळखू आल्यासारखं वाटतंच.

त्यानंतर मी एक संशोधन वाचलं आणि मला त्या मुलाची आठवण झाली. तुर्कस्तानातल्या एका शाळेत नववी ते अकरावीच्या जवळपास हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला. ज्यांना सराव करताना साधा चॅटजीपीटीसारखा मदतनीस दिला, त्यांनी सरावात ४८ टक्के जास्त चांगली कामगिरी केली. मग मदतनीस काढून घेतला आणि परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांना तो कधी दिलाच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्के मागे पडली. तिसऱ्या गटाला असा मदतनीस दिला होता जो उत्तर न देता शिक्षकासारखा एकेक खूण देतो. त्या गटाची सरावातली वाढ १२७ टक्के होती आणि परीक्षेत त्यांचं नुकसानही जवळजवळ झालं नाही. म्हणजे यंत्र तेच असून त्याच्याकडून काय मागितलं यानं फरक पडला.

मी वर्ग बदलला. घरचं लिप्यंतर बंद. आल्या आल्या दहा मिनिटं, मोबाईल बाहेरच्या खोलीत, नवा कागद, हातात पेन्सिल, जेवढं वाचता येईल तेवढंच लिहायचं, न येणाऱ्या अक्षराखाली टिंब. मग दुसऱ्या तासाला मी त्याच कागदाचं यंत्रानं केलेलं वाचन वाटते आणि सांगते, ह्यात चुका आहेत, शोधा. किती आहेत ते सांगत नाही. हा तास मुलांना फार आवडतो. नवख्यांना दोन सापडतात, वर्षभर शिकलेल्यांना नऊ-दहा. वर्षभरात मूल कुठून कुठे आलं हे मला त्या आकड्यावरून जितकं कळतं तितकं कुठल्याही परीक्षेवरून कळलं नव्हतं. ही सोय यंत्र येण्याआधी मला नव्हती, हेही सांगायला हवं. चुका असलेलं वाचन हातानं तयार करायला माझी रात्र जायची.

आणि घरी एआयला विचारायचं असेल तर काय विचारावं तेही सांगते. ‘हा कागद वाचून दे’ असं विचारू नकोस. ‘मी ही ओळ अशी वाचली आहे, तिसऱ्या शब्दाबद्दल शंका आहे, त्या काळच्या हिशेबात तिथे कुठले कुठले शब्द येऊ शकतात’ असं विचार. कीर्द, तालेबंद, जमाबंदी ह्या हिशेबाच्या कागदांची रचना कशी असते ते विचार. फारसी शब्दाची फोड विचार. ह्यात तो फार उपयोगी पडतो, आणि कधीही कंटाळत नाही, जे माझ्याबद्दल दर रविवारी सांगता येईलच असं नाही.

कामधंद्याचं मात्र गोड करून सांगत नाही. जे गेलं ते गेलं. माझ्याकडे पूर्वी साधी भाषांतरं यायची, गुजराती करारनामा मराठीत, मराठी पत्र इंग्रजीत. गेल्या दोन वर्षांत ती जवळजवळ थांबली. लोक मोबाईलवर करून घेतात आणि साध्या कामाला ते पुरतं. वकिलासाठी लिप्यंतराचं इंग्रजी भाषांतर करायला मला दोन दिवस लागायचे, आता पहिला खर्डा यंत्र करतं, मी अर्ध्या दिवसात तपासून सुधारते. पैसेही त्याच हिशेबानं कमी झाले.

सगळ्यात जास्त फटका बसला तो माझ्या टंकलेखन करणाऱ्या बाईंना. अकरा वर्षं त्या माझी हस्तलिखित लिप्यंतरं देवनागरीत टाइप करत होत्या. आता मी मोबाईलवर बोलते आणि मजकूर उमटतो. एक दिवस त्यांनीच विचारलं, ताई, आता माझं काय? मला तीन रात्री झोप लागली नाही. मग आम्ही दोघींनी मिळून एक काम वेगळं काढलं, अंकतपासणी. मजकुरातला प्रत्येक आकडा, प्रत्येक पाव-अर्धा-पाऊण, प्रत्येक सन त्या मूळ कागदाशी ताडून बघतात आणि पेन्सिलीनं टिक करतात. अकरा वर्षं माझं अक्षर टाइप करता करता त्यांना आकड्यांची मोडी आलीच होती, मला ते कधी लक्षात आलं नव्हतं. तुझ्या कागदातले ५११ विघे आधी त्यांनीच पकडले, मी नंतर. कामाचे तास मात्र पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत, त्या आता सकाळी दुसरीकडेही जातात. हे मी सोडवू शकलेले नाही.

नवं काय आलं? दोन गोष्टी मला दिसतात. हस्ताक्षर वाचणारी जी खास यंत्रणा असते, ट्रान्सक्रिबससारखी, तिला एखादं वळण शिकवायचं तर आधी माणसानं वाचलेला नमुना द्यावा लागतो, साधारण ५,००० ते १५,००० शब्दांचा, ओळीला ओळ जुळवलेला. चिटणिशी वळण वेगळं, पेशवाईतलं वेगळं, इंग्रजी अमदानीतलं घाईचं वेगळं. प्रत्येकाला नमुना लागणार. तो कोण करणार? नमुन्यात चूक राहिली तर यंत्र तीच चूक लाख पानांवर करेल. दुसरी गोष्ट, एआयनं केलेली वाचनं घेऊन लोक माझ्याकडे तपासायला येऊ लागले आहेत. पूर्वी जो माणूस ‘मोडी वाचणारं कुणी मिळत नाही’ म्हणून पेटी उघडतच नव्हता, तो आता मोबाईलवर दोन ओळी कळल्या म्हणून उत्सुकतेनं पेटी उघडतो. गेल्या वर्षी माझ्याकडे जितके नवे कागद आले तितके आधीच्या तीन वर्षांत मिळून आले नव्हते. ह्याचं श्रेय यंत्रालाच आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

शेवटी सही माणसाचीच लागते. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले कोर्टापुढे दाखले म्हणून मांडले, न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला. दंड वकिलांना झाला. कोर्टात माझं लिप्यंतर जातं तेव्हा त्याखाली माझं प्रतिज्ञापत्र असतं, उलटतपासणीला मी उभी राहते. ‘हा शब्द औरस कशावरून?’ असं विचारलं तर मला कागदावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

आता माझ्याबद्दलची एक गोष्ट, कारण तू माझ्याकडे शिकायला येणार आहेस तर तुला ती माहीत असावी. एआय वापरायला लागल्यावर पहिले सहा महिने मी आधी यंत्राचं वाचन बघायची आणि मग कागद. वेळ वाचायचा, डोळ्यांना बरं वाटायचं. एकदा एका मित्राच्या आग्रहानं एक कागद यंत्राशिवाय वाचायला घेतला आणि माझ्या लक्षात आलं की मी अडखळते आहे. ज्या जोडाक्षरावर पूर्वी माझी नजर न थांबता पुढे जायची तिथे मी थांबत होते. छातीत धस्स झालं. नंतर पोलंडमधल्या डॉक्टरांबद्दल वाचलं. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करताना गाठी दाखवून देणारं एआय त्यांना दिलं होतं. काही महिन्यांनी एआयशिवाय केलेल्या तपासण्यांचे आकडे बघितले, तर गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं होतं. हे अनुभवी डॉक्टर होते, नवशिके नव्हेत. २०२५ साली हे प्रसिद्ध झालं. एका अभ्यासावरून सगळं ठरवू नये, पण माझ्या डोळ्यांना जे झालं होतं त्याच्याशी ते फार जुळलं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी मी, पेन्सिलीनं, पूर्ण कागद. मग यंत्र. मग दोन्ही वाचनं समोरासमोर, जिथे फरक आहे तिथे भिंग. फरक असलेल्या दहा जागांपैकी एक-दोन जागी यंत्र बरोबर आणि मी चूक, असं निघतं, आणि मी ते आनंदानं घेते. क्रम उलटा केला तर ते फरकच दिसत नाहीत, कारण यंत्रानं वाचलेलं एकदा डोळ्यांपुढे आलं की डोळा तेच वाचतो.

तुझ्या बाबांना माझ्याकडून एक गोष्ट सांग. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याआधी कुणब्याच्या हातात त्याच्याच शेताचा कागद असायचा आणि त्यात काय लिहिलंय ते त्याला कारकून किंवा सावकार वाचून दाखवायचा. वाचून दाखवणारा भला असला तर ठीक. ती पिढी शाळेत गेली आणि स्वतःचा कागद स्वतः वाचू लागली. मग छापखान्याच्या खिळ्यांना सोयीची बाळबोध, म्हणजे देवनागरी, जिंकली, १९५० च्या सुमारास मोडी शाळांतून गेली, आणि तुमच्या-आमच्या घरातले सगळे जुने कागद पुन्हा मुके झाले. आज त्यांना वाचून दाखवणारा नवा मिळाला आहे. तो लबाड नाही, मेहनती आहे, फुकट आहे. पण घरात एकाला तरी स्वतः वाचता यावं, एवढं मागणं मला जास्त वाटत नाही.

नुसत्या मोडीवर पोट भरेल असं मी त्यांना सांगणार नाही. माझंही कधी नुसत्या मोडीवर चाललं नाही. एम.ए. पूर्ण कर, संगणकाचं जेवढं शिकता येईल तेवढं शीक, गुजराती लेखन पक्कं कर, कारण १९ व्या शतकातल्या बडोद्याच्या पुष्कळ कागदांत एक मजकूर मोडीत आणि शेरा गुजरातीत असतो. ज्याला दोन्ही येतं आणि यंत्राकडून काम करून घेता येतं असा माणूस मला आज शोधून सापडत नाही, आणि मला दोन तरी हवे आहेत.

रविवारी दुपारी साडेतीनला ये. तुझ्या घरच्या कागदाचा फोटो मोबाईलवर नको, मोठ्या आकारात छापून आण, कडा कापल्या जाणार नाहीत असा, मागची बाजूही. पाठीमागे बहुतेक एक लहानसा शेरा आहे. तुझ्या फोटोत वरच्या कोपऱ्यात शाई झिरपलेली दिसते आहे. तिथे वारसाचा उल्लेख पुन्हा आला असेल तर सातव्या ओळीतल्या भोकाचं काहीतरी करता येईल. यंत्राला ती बाजू तू दाखवली नव्हतीस, आणि त्यानं मागितलीही नाही. मऊ शिशाची पेन्सिल आण. भिंग माझ्याकडे आहे.